साडेआठचं पाणी

पत्र मंगळवारी आलं. अंगणातलं पर्जन्यमापन केंद्र एक तारखेपासून बंद होत आहे, उपकरण कार्यालयात जमा करावं, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. साडेआठ वाजता ते अंगणात गेले आणि उपकरण उघडून पाहिलं. फेब्रुवारी होता. पाणी नव्हतं. त्यांनी वहीत शून्य लिहिलं.

काका माझे घरमालक. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनावरून खाडीच्या दिशेने चालत गेलं की त्यांचं एकमजली घर लागायचं. वरच्या दोन खोल्यांत मी एकोणीस वर्षं राहिले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, एकटी होते, आणि मला शांत जागा हवी होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला ना नोकरी विचारली, ना जात.

"म्याडम, सकाली किती वाजता निंगता?"

"नऊला."

"मंग हरकत नाय. साडेआठला अंगनात कोनी उभा ऱ्हायचा नाय. आनि कपरे मागच्या बाजूला वालत घालायचे."

अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर ते उपकरण बसवलेलं होतं. कमरेच्याही खाली येणारं पिंप, वर पितळी काठाचं नरसाळं, आत बाटली. भोवती तारेचं कुंपण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते तुळशीवृंदावनासारखं वाटलं. काकींना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुलस परवडली, बाय. तिला मी पानी घालते ते तरी तिला चालतं."

काकांचे वडील खाडीपलीकडच्या मिठागरात कामाला होते. अवेळी एक सर आली की तयार झालेलं मीठ विरघळून जायचं, आणि त्या वर्षी घरात कोण काय खाणार ते त्यावरून ठरायचं. काका शिकले, पाटबंधाऱ्याच्या कामावर कारकून म्हणून लागले. कार्यालयाला या भागात मोकळी जागा आणि लिहिता-वाचता येणारा माणूस हवा होता. काकांकडे दोन्ही होतं. तेव्हापासून ते निवृत्त झाले, केस गेले, मुलगा मोठा होऊन त्याचं लग्न झालं, पण रोज सकाळी साडेआठला ते अंगणातच असायचे. मुलाचं लग्न टिटवाळ्याला होतं. मुहूर्त दुपारचा असूनही आदल्या दिवशी मुक्कामाला गेले नाहीत. सकाळी मोजून, वही भरून, मग कपडे बदलून निघाले.

पाणी मोजायची त्यांची पद्धत मी खिडकीतून पाहत असे. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप चौथऱ्यावर ठेवायचं आणि डोळे पाण्याच्या रेषेत येईपर्यंत खाली बसायचं. म्हणजे पावसात चिखलात गुडघे टेकायचे. वरून वाकून पाहिलं तर आकडा चुकतो, म्हणत. माप ते काकींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. घरात इतक्या जपून ठेवलेली दुसरी वस्तू नव्हती.

जवळच्या झाडाची उंची वाढली की नरसाळ्यात पाऊस नीट पडत नाही. त्यासाठी अंतराचा एक नियम होता आणि तो त्यांना पाठ होता. दर वर्षी मे महिन्यात ते मुलाच्या शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन अंगणात बसत आणि एक डोळा मिटून पेरूचं झाड जोखत. एके वर्षी पेरू नियमात बसेना. त्यांनी तो बुंध्यापासून तोडला. काकी तेव्हा दीड महिना त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण "वाढलंय" हे माझ्याकडे बघून म्हणायच्या.

"खूप पाऊस झाला" असं त्यांच्यासमोर कुणी म्हणू शकत नसे.

"खूप म्हंजे किती?"

"अहो काका, रात्रभर कोसळत होता."

"कोसलत व्हता ते मना पन ऐकू आला. किती परला?"

उद्या पडेल का, असं विचारलं तर म्हणत, "उद्याचा उद्या मोजीन." अंदाज सांगणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, उलट आदर होता. मला एकदा म्हणाले, "त्ये लोक शिकलेले हायेत, त्याना सांगता येतं. पन त्येनी सांगाया आधी कोनीतरी गुरघं टेकाया लागतात."

उन्हाळ्यातही ते रोज उघडून पाहत. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, की एप्रिलमध्ये काय बघायचं असतं. तेव्हा त्यांनी मला वही दाखवली. पानावर एकाखाली एक शून्यं होती.

"पाऊस परला नाय हे कोनी बघितला? मी बघितला. म्हनून शून्य. मी गेलोच नसतो तं शून्य लिवता आला नसता. मंग रेघ मारायची."

वर्षानुवर्षांच्या त्या वह्यांमध्ये रेघा अगदी थोड्या होत्या. त्यातली एक रेघ मला माहीत आहे, कारण ती पडली तेव्हा मी घरातच होते. त्या दिवशी दुपारपासून जो पाऊस लागला तो थांबेना, त्यात भरती आली आणि खाडीचं पाणी अंगणात शिरलं. काकांनी संध्याकाळपर्यंत तीनदा बाटली रिकामी केली आणि तिन्ही आकडे लिहून ठेवले. सकाळी पाहिलं तर उपकरण पूर्ण पाण्याखाली होतं. काका छातीएवढ्या पाण्यात जाऊन त्याच्याजवळ उभे राहिले, साडेआठ वाजेपर्यंत. मग घरात आले आणि त्यांनी रेघ मारली. फोन सुरू झाल्यावर कार्यालयातून विचारणा झाली. त्यांच्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा पाऊस होता, आणि वरच्या साहेबांना आकडा हवा होता.

"अंदाजे सांगा की. सगळ्यांनी दिलेत," पलीकडचा माणूस म्हणत होता. आवाज मलाही ऐकू येत होता.

"सायब, बाटलीत आता खाडी हाय. खाडीचा पानी पावसात कसा लिवू?"

पुढे एक संशोधक बाई त्यांच्या वह्या पाहायला आल्या होत्या. दोन दिवस त्या माझ्याच खोलीत बसून फोटो काढत होत्या. त्या मला म्हणाल्या, पाऊस बदललाय हे आता सगळेच म्हणतात. दिवस कमी झाले, पडतो तेव्हा एकदम पडतो. पण किती बदललाय हे सांगायचं तर एकाच जागी, एकाच पद्धतीने, न चुकता मोजलेलं लागतं, आणि अशा जागा एकेक करून बंद होत आहेत. एखादा माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, वही थांबते. आपण उद्याचा पाऊस सांगायची यंत्रं घेतोय आणि कालचा पाऊस फेकून देतोय, असं त्या म्हणाल्या. पेन्सिलीने मारलेल्या त्या एका रेघेचा त्यांनी तीनदा फोटो काढला. काका दारातून पाहत होते. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी काकींना चहा करायला सांगितला, आणि तसं ते कधी सांगत नसत.

आकड्याचा उपयोग मात्र आमच्याच गल्लीत रोज होत होता. घराच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून, एक बैठी चाळ आहे. सकाळचा आकडा मोठा असला आणि दुपारी मोठी भरती असली, की तिथे पाणी भरतं. काका मोजून झालं की छत्री घेऊन चाळीच्या तोंडाशी जायचे आणि फक्त मिलिमीटरचा आकडा सांगायचे. "एकशे दहा." बाकीचं ते लोक जाणत. गाद्या माळ्यावर जायच्या, गॅसची शेगडी टेबलावर जायची. शेवटच्या खोलीत एक शिलाईवाली ताई राहते. तिचा नवरा आणि ती मिळून शिलाईचं मशीन उचलून पाटावर पाट रचून ठेवायचे. पाणी यायचं, जायचं, फरशी धुवायची, मशीन परत खाली. पोलिओमुळे तिचा एक पाय अधू आहे. एका पायाने चालवता येईल असं ते मशीन तिने बनवून घेतलेलं होतं.

आता जे घडलं ते सांगते.

एका एप्रिलमध्ये काचेचं माप काकांच्या हातून निसटून चौथऱ्यावर फुटलं. त्यांनी कार्यालयाला कळवलं. मेअखेरीला नवं माप पोस्टाने आलं. जुन्यापेक्षा ते जरा रुंद होतं. नवीन मॉडेल असेल, असं काका म्हणाले आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. म्हणजे वहीत कमी झाला. जून गेला, जुलै गेला, आणि काका दर सकाळी मान हलवत घरात यायचे. "निम्मा बी नाय." काकींच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात छत गळायचं आणि तिथे त्या बादली ठेवायच्या.

"यंदा पाऊस कमी हाय," काका म्हणाले.

"कमी? बादली तर तीन वेला ओततेय मी."

"तुना वाटतं तसा."

"मना काय वाटायचंय? बादली भरते ती दिसते."

"बादलीला काय आकरे हायेत का? वही बघ."

काकी वाचायला शिकलेल्या नव्हत्या. त्या बादली ओतायला गेल्या. मीही वरून पाऊस पाहत होते आणि मलाही तो दरवर्षीसारखाच वाटत होता, पण मीसुद्धा वहीवरच विश्वास ठेवला. रोजचे आकडे कार्यालयात जात होते. शेजारच्या केंद्रांशी ते कुणी ताडून पाहिले असते, तर आठ दिवसांत लक्षात आलं असतं. कुणी पाहिले नाहीत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी काका चाळीच्या तोंडाशी गेले आणि म्हणाले, "अठ्ठावन्न." लोकांनी मान डोलावली आणि कामाला लागले. अठ्ठावन्नला काही उचलायची गरज नसते. दुपारी भरतीबरोबर पाणी आलं आणि मांडीएवढं चढलं. शिलाईवाली ताई माल पोचवायला ठाण्याला गेली होती, नवरा कामावर होता. मशीन खालीच होतं. शिवायला घेतलेली लोकांची कापडंही खालीच होती.

संध्याकाळी ती आमच्या दाराशी आली. रागावलेली नव्हती. गोंधळलेली होती.

"काका, तुम्ही अठ्ठावन्नच बोललेलात ना? का मी चुकीचं ऐकलं?"

"अठ्ठावन्नच."

"मग पाणी कुठनं आलं एवढं?"

ती गेल्यावर काकांनी माप आणलं, उजेडात धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. मग माझ्याकडे दिलं. "बाय, तुजे डोले चांगले हायेत. यात काय चीर बीर हाय का बघ."

चीर नव्हती. पण ग्रंथालयात नवीन पुस्तक आलं की आम्ही आधी पहिलं पान आणि शेवटचं पान पाहतो. त्या सवयीने मी माप उलटं केलं. बुडाशी बारीक अक्षरांत '२००' कोरलेलं होतं.

"काका, हे दोनशे कशाचं?"

ते अंगणात गेले. मी मागोमाग गेले. नरसाळ्याच्या पितळी काठावर, बाहेरच्या बाजूला, '१००' होतं. काका तिथेच चौथऱ्याला टेकून खाली बसले. नरसाळी दोन आकारांची असतात, शंभर आणि दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाची, आणि प्रत्येकाचं काचेचं माप वेगळं असतं. आमच्या लहान नरसाळ्याला कार्यालयाने मोठ्याचं माप पाठवलं होतं. त्या मापात प्रत्येक पाऊस निम्मा दिसत होता. अठ्ठावन्नच्या जागी एकशे सोळा होते.

"मी उलटा करून बघितला नाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. काकी दारात उभ्या होत्या. बादलीचा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही.

काका त्याच संध्याकाळी चाळीत गेले आणि प्रत्येक दाराशी उभं राहून सांगितलं, की आकडा चुकीचा होता, चूक माझी. शिलाईवाली ताई म्हणाली, "राहू द्या हो काका. इतकी वर्षं तुम्ही सांगितलंत म्हणून तर मशीन टिकलं." मला वाटतं, ती दोन शब्द वाईट बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

मग कार्यालयाला पत्र लिहायचं ठरलं. काका सांगत होते, मी लिहीत होते. कोणतं माप आलं, कोणत्या तारखेपासून, दुरुस्त आकडे सोबत जोडले आहेत, योग्य माप पाठवावं. मजकूर नीट होता. शेवटी मला वाटलं की पत्राला जरा भार हवा, नाहीतर ते फाइलीत पडून राहील. मी माझ्याकडून एक वाक्य घातलं: 'तरी या केंद्राच्या चालू मोसमातील नोंदी विश्वासार्ह मानण्यात येऊ नयेत.' काकांना वाचून दाखवलं. "बरोबर हाय," ते म्हणाले आणि सही केली.

फेब्रुवारीतल्या पत्रात ते वाक्य होतं. 'केंद्राच्या नोंदी विश्वासार्ह नसल्याचे केंद्रचालकांनी स्वतः लेखी कळविले असल्याने' अशी त्या पत्राची सुरुवात होती. 'चालू मोसमातील' हे दोन शब्द गळले होते.

मी रजा काढून ठाण्याच्या कार्यालयात गेले. टेबलामागचा माणूस भला होता. त्याने फाइल काढली, मला खुर्ची दिली.

"मॅडम, खरं सांगू का? तुमचं पत्र आलं नसतं तरी हे बंदच होणार होतं. माणसांची केंद्रं सगळीकडेच कमी करतायत. यादी वरून आलेली. फक्त कारण लिहायचं असतं एक. ते तुमच्या पत्रात आयतं मिळालं."

"चूक तुमच्या मापाची होती."

"होती ना. ते मी नाही म्हणतच नाही. पण त्या टेबलावरचा माणूस रिटायर झालेला. आता तिथे कुणीच नाही." त्याने रिकाम्या टेबलाकडे हात केला. "आणि आता तुमच्याकडे मशीन बसवलंय. शाळेच्या गच्चीवर. दर पंधरा मिनिटांनी आकडा येतो, फोनवर दिसतो. काकांना सांगा, आता आराम करा."

उपकरण न्यायला दोन माणसं टेम्पो घेऊन आली. काकांनी पितळी काठ पुसून दिला. मी त्यांना प्लास्टिकचं एक पर्जन्यमापक विकत आणून दिलं होतं. चाळीसाठी तरी मोजा, म्हटलं. त्यांनी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं, आधी बुडाकडून. मग परत दिलं.

"एकदा निम्मा मोजला, बाय. परत चुकला तं? तवा कार्यालय व्हता, वही व्हती, कोनीतरी बघंल असा वाटायचा. आता मी बोलीन ते खरा. तसा नको."

"मग वहीत निदान रेघा मारा."

"रेघ केंद्राची असते. केंद्र नाय तं रेघ कशाची?"

पुढच्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, एका सकाळी समोरची भिंत दिसत नव्हती असा पाऊस होता. मी फोनवर शाळेच्या गच्चीवरचा आकडा पाहिला. शून्य. पंधरा मिनिटांनी पुन्हा शून्य. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई सांगत होता, कबुतरांनी त्यात काड्या भरल्यात, कुणी वर येतच नाही. त्या सकाळी मी फोन काकांना दाखवला. ते व्हरांड्यात उभे होते, स्वच्छ सदरा घालून. साडेआठ वाजले होते.

"त्या यंत्राला रेघ मारायला कोनी शिकवला नाय," ते म्हणाले. "वर लोकाना वाटंल, इकरं ऊन हाय."

तेवढ्यात शिलाईवाली ताई आली. छत्री असूनही पूर्ण भिजली होती. नवं मशीन तिने जुन्याच धर्तीवर करून घेतलं होतं.

"काका, किती?"

"मना ठावं नाय."

"फोनवर शून्य दाखवतंय. दुपारी भरती मोठी आहे. अंदाजे तरी सांगा की."

इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द कधी चालवून घेतला नव्हता. ते चौथऱ्याकडे पाहत राहिले. वर चार बोल्ट उभे होते आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं.

"उचल," ते म्हणाले.

"एवढा पडलाय?"

"मोजला नाय. उचल. आज बी उचल, उद्या बी उचल. पावसाला हाय तवर रोज उचल."

ती "बरं" म्हणून गेली. काकांनी आत जाऊन सदरा काढून ठेवला. त्यानंतर ते साडेआठला व्हरांड्यात आले नाहीत.

काका डिसेंबरात गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. मुलाने सगळं व्यवस्थित केलं. त्याच्यावर माझा राग नाही. वडील असेपर्यंत त्याने बिल्डरला दारात उभं केलं नव्हतं. आता घर पाडून इमारत बांधायचा करार झाला आहे. मी टिटवाळ्याला जागा घेतली आहे. वह्या काकींनी माझ्याकडे दिल्या. "तुना वाचता येतं," एवढंच म्हणाल्या. संशोधक बाईंना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की त्यांचा प्रकल्पही बंद झाला आहे, पण वह्या सांभाळा.

चुकलेल्या वर्षाच्या वहीत प्रत्येक आकड्यासमोर लाल शाईने दुप्पट आकडा आहे, काकांच्या हातचा. कार्यालयाच्या दप्तरात निम्मेच आहेत. कुणी ते उघडलं, तर त्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ पडला होता असं त्याला दिसेल. मी आणखी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही.

गेल्या महिन्यात काकींना भेटायला गेले होते. परतताना चाळीवरून आले. शिलाईवाल्या ताईचं मशीन विटांच्या ओट्यावर चढवलेलं आहे, आणि ती उंच स्टुलावर बसून शिवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते खाली येत नाही. गाद्या माळ्यावरच असतात. मुलं तिथेच झोपतात. किती पडला हे आता तिथे कुणी विचारत नाही.